गडचिरोलीच्या जंगलात पहिलं दलम पाठवणारा हिंदीचा मास्तर

१५ ऑक्टोबर २०२५. गडचिरोलीचं पोलीस मुख्यालय. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर माओवाद्यांच्या पॉलिट ब्युरोचा सदस्य मल्लोजुला वेणुगोपाल राव उर्फ भूपती आला आणि ६० साथीदारांसह त्याने शस्त्रं खाली ठेवली.

त्या दिवशी तुमच्याही मोबाईलवर ही बातमी आली असेल. व्हिडिओ पाहिला असेल, पुढे पाठवला असेल. पण एक प्रश्न बाजूला राहिला. मुळात ही बंदूक गडचिरोलीत आली कशी? इथल्या माडिया आणि गोंड माणसाने तर ती मागवली नव्हती.

त्याचं उत्तर शोधत गेलं की आपण एका तेलुगू माणसापाशी पोहोचतो. वरंगलजवळच्या एका मिशनरी शाळेत तो मुलांना हिंदी शिकवायचा. नाव कोंडापल्ली सीतारामय्या. तेलंगणात आणि आंध्रात हे नाव घराघरात माहीत आहे. महाराष्ट्रात मात्र फारसं कुणी घेत नाही. खरं तर गडचिरोलीची गेली पंचेचाळीस वर्षं या माणसाच्या एका निर्णयाने बदलली.

कृष्णा जिल्ह्यातला कार्यकर्ता

सीतारामय्यांचा जन्म १९१४-१५ च्या सुमारास आंध्रातल्या कृष्णा जिल्ह्यात, शेतकरी घरात झाला. तो काळ स्वातंत्र्य चळवळीचा होता आणि डाव्या विचारांचाही. तरुणपणीच ते कम्युनिस्ट पक्षात गेले.

त्यांचं लग्न त्या काळात गाजलं. त्यांनी कोटेश्वरम्मा या बालविधवेशी लग्न केलं. तेव्हा विधवेशी लग्न करणं म्हणजे सगळ्या गावाशी वैर घेणं. दोघांनी मिळून पक्षाचं काम केलं. १९४६ ते १९५१ या काळात निजामाच्या आणि जमीनदारांच्या विरोधात तेलंगणाचा सशस्त्र लढा झाला, तेव्हा दोघंही भूमिगत होते.

१९५१ मध्ये पक्षाने तो लढा मागे घेतला आणि निवडणुकीचा रस्ता धरला. पुढच्या काही वर्षांत सीतारामय्यांनी घर सोडलं. कोटेश्वरम्मा दोन मुलांसह मागे राहिल्या. त्यांनी पुन्हा शिक्षण घेतलं आणि काकीनाड्याला मुलींच्या वसतिगृहात नोकरी करून दिवस काढले. सीतारामय्या वरंगलच्या बाजूला गेले आणि सेंट गॅब्रिएल शाळेत हिंदीचे मास्तर झाले. त्याच शाळेत के. जी. सत्यमूर्ती नावाचे दलित कवी-शिक्षकही होते. पुढे या दोघांनी मिळूनच संघटना उभी केली.

नक्षलबारीनंतरचा धडा

१९६७ मध्ये पश्चिम बंगालच्या नक्षलबारी गावात शेतकऱ्यांचा उठाव झाला. नक्षलवाद हा शब्द तिथून आला. चारू मजुमदार यांच्या नव्या पक्षात देशभरातले अनेक तरुण गेले. पन्नाशी ओलांडलेले सीतारामय्याही गेले.

त्याच सुमारास आंध्रच्या श्रीकाकुलम भागात आदिवासींचा मोठा उठाव झाला, पण तो फार टिकला नाही. १९७० मध्ये त्याचे मुख्य नेते पोलिसांकडून मारले गेले. १९७२ मध्ये चारू मजुमदार पोलीस कोठडीत वारले. पक्षाचे तुकडे झाले. हे सगळं आता संपलं, असं बऱ्याच लोकांना वाटलं.

सीतारामय्यांनी मात्र या पराभवाचा अभ्यास केला. त्यातून त्यांनी दोन निष्कर्ष काढले आणि पुढची सगळी कहाणी या दोन निष्कर्षांवरच उभी आहे.

पहिला निष्कर्ष असा की नुसती बंदूक घेऊन गावात शिरलं तर लोक मागे येत नाहीत. आधी विद्यार्थी, शेतमजूर आणि कवी-गायक यांच्या उघड संघटना हव्यात. त्यांनी रोजच्या प्रश्नावर लढायचं आणि त्यातून माणसं निवडून आत घ्यायची.

दुसरा असा की सपाटीवर पोलीस आले की पळायला जागा राहत नाही. म्हणून पाठीमागे मोठं जंगल हवं. लढून दमलं की तिथे जायचं, प्रशिक्षण घ्यायचं आणि पुन्हा बाहेर यायचं.

पहिल्या निष्कर्षातून विद्यार्थी संघटना उभ्या राहिल्या. कॉलेजची पोरं उन्हाळ्याच्या सुट्टीत खेड्यात जाऊन राहू लागली. करीमनगर जिल्ह्यात वेठबिगारी करून घेणाऱ्या जमीनदारांच्या विरोधात हजारो शेतमजूर रस्त्यावर आले. हा राग खरा होता, कुणी बनवलेला नव्हता. १९७८ मध्ये सरकारने जगित्याल आणि सिरसिल्ला तालुके अशांत क्षेत्र म्हणून जाहीर केले आणि पोलिसांना जादा अधिकार दिले.

दरम्यान १९७७ मध्ये सीतारामय्यांना आपल्याच नागपुरात अटक झाली होती. जामीन मिळाला आणि ते पुन्हा भूमिगत झाले. २२ एप्रिल १९८० रोजी, लेनिनच्या जयंतीला, पीपल्स वॉर या नावाने त्यांनी आपला वेगळा पक्ष काढला.

आता दुसऱ्या निष्कर्षाची पाळी होती. जंगल हवं होतं.

नकाशावर बोट ठेवलं ते सिरोंचावर

नकाशा उघडून पाहा. करीमनगर आणि आदिलाबादच्या पलीकडे गोदावरी आणि प्राणहिता या नद्या आहेत. त्या ओलांडल्या की सिरोंचा. तिथून वर अहेरी, एटापल्ली, भामरागड. पूर्वेला इंद्रावती ओलांडली की बस्तर. म्हणजे तीन राज्यांच्या सीमा एकाच जंगलात. एका राज्याचे पोलीस मागे लागले की नदी ओलांडायची, संपलं.

त्यात सिरोंचा भागात तेलुगू बोलली जाते. नदीच्या दोन्ही काठांवर सोयरिकी आहेत. नवख्या तेलुगू माणसाकडे कुणी वळून पाहणार नाही.

तेव्हा गडचिरोली जिल्हा अस्तित्वातच नव्हता. हा सगळा भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता. चंद्रपूरच्या जिल्हाधिकाऱ्याला भामरागडला जायचं तर दिवस मोडायचा, आणि पावसाळ्यात नद्या भरल्या की रस्ताच बंद. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. पण त्याआधी दोन वर्षं, १९८० च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात सीतारामय्यांची माणसं नदी ओलांडून आली होती. पाच-सात जणांची एक तुकडी. तिला नाव दलम.

त्या सुरुवातीच्या माणसांत बेल्लमपल्लीच्या खाणपट्ट्यातला पेद्दी शंकर होता. २ नोव्हेंबर १९८० रोजी सिरोंचा तालुक्यातल्या मोयाबिनपेठा इथे तो पोलिसांकडून मारला गेला. या जंगलातला माओवाद्यांचा हा पहिला मृत्यू. तेव्हा पोलिसांनाही वाटलं असेल की प्रकरण इथेच मिटलं. प्रत्यक्षात ती सुरुवात होती.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. सीतारामय्यांनी गडचिरोली निवडलं ते इथल्या आदिवासीचं दुःख पाहून नव्हे. त्यांना आसरा हवा होता म्हणून निवडलं. लढा तेलंगणाचा होता, गडचिरोली त्याचं मागचं दार होतं. इथल्या माणसाचं दुःख त्यांना नंतर दिसलं आणि ते दार उघडण्याची किल्ली ठरलं.

किल्ली कशी चालली?

कारण दुःख होतंच, आणि मोठं होतं.

पिढ्यानपिढ्या जंगलात राहणारा माणूस कायद्याने तिथे अतिक्रमण करणारा ठरला होता. घरासाठी लाकूड तोडलं तरी गुन्हा. वनरक्षक गावात आला की कोंबडी द्यायची, फुकट राबायचं, वर चिरीमिरी. बल्लारपूरच्या कागद कारखान्यासाठी बांबू तोडायचा, मजुरी मात्र नाममात्र. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडून पुडे बांधायचे आणि फळीवर आणायचे, तर ठेकेदार म्हणेल तो भाव.

दलमने नेमकं इथे बोट ठेवलं. ठेकेदाराला धमकावलं, भाव वाढवून घेतला. वनरक्षकाला दम दिला, चिरीमिरी थांबली. जे काम सरकारने करायला हवं होतं ते बंदूकवाल्याने केलं, आणि लोकांनी त्याला जेवण दिलं. यात नवल काही नाही.

पण पुढचा टप्पा पाहा. भाव वाढला, तशी ठेकेदाराकडून खंडणीही सुरू झाली. तेंदूपत्ता आणि बांबू हे दलमच्या कमाईचं साधन झालं. म्हणजे ज्या ठेकेदाराविरुद्ध लढा सुरू झाला, त्याच्याच पैशावर लढणाऱ्यांची बंदूक चालू लागली. मग रस्ता नको, कारण रस्त्याने पोलीस येतात. निवडणूक नको. पोलीस पाटील, सरपंच यांच्यावर संशय. ज्याच्यावर संशय त्याला पोलिसांचा खबरी ठरवायचं, गावासमोर मारायचं आणि मृतदेहाशेजारी पत्रक टाकायचं.

असे शेकडो लोक गडचिरोलीत मारले गेले. त्यातले बहुतेक आदिवासीच. दुसऱ्या बाजूने दलमला जेवण दिलं म्हणून गावकरी पोलिसांच्या तावडीत सापडले. टाडा कायद्याखाली अनेक आदिवासी तुरुंगात गेले. रात्री एक येणार, सकाळी दुसरा येणार आणि दोघंही तोच प्रश्न विचारणार. गाव मधल्यामध्ये भरडलं गेलं.

त्याच जंगलात दुसरा रस्ताही होता

बंदुकीशिवाय इथल्या माणसापुढे मार्गच नव्हता, असं अनेकदा सांगितलं जातं. ते खरं नाही.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला गोदावरी आणि इंद्रावतीवर इचमपल्ली आणि भोपालपटनम ही मोठी धरणं होणार होती. हजारो आदिवासी आणि प्रचंड जंगल पाण्याखाली जाणार होतं. बाबा आमटे आणि आदिवासी नेते लाल श्यामशहा यांच्यासह अनेकांनी जंगल बचाव, मानव बचाव मोहीम उभी केली. गोळी न झाडता ती धरणं अडली.

त्याच चळवळीतून धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा हे छोटं गोंड गाव पुढे आलं. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने गावाने अभ्यासगट सुरू केला. निर्णय बहुमताने नाही, सर्वांच्या संमतीने घ्यायचा असं ठरलं. वर्षानुवर्षं कायदा वाचला, अर्ज केले, अधिकाऱ्यांशी वाद घातला. २००६ चा वनहक्क कायदा आल्यावर २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. तोपर्यंत देशात कोणत्याही गावाला असा हक्क मिळाला नव्हता. २०११ मध्ये आपला बांबू आपण विकण्याचा वाहतूक परवानाही गावाच्या हाती आला. ठेकेदार मध्ये नाही, दलमही मध्ये नाही.

आता त्याच २००९ सालात त्याच जिल्ह्यात दुसरं काय घडलं ते पाहा. १ फेब्रुवारीला मरकेगाव इथे १५ पोलीस मारले गेले. २१ मे रोजी हत्तीगोटा इथे १६ पोलीस, त्यात महिला पोलीसही होत्या. ८ ऑक्टोबरला लाहेरीजवळ १७ पोलीस. यातलं मरकेगाव तर मेंढ्याच्याच धानोरा तालुक्यातलं. एकाच तालुक्यात, एकाच वर्षी एका रस्त्याने गावाला जंगल मिळालं आणि दुसऱ्या रस्त्याने घरोघरी तिरडी आली.

स्वतःच्याच पक्षातून बाहेर

पुन्हा सीतारामय्यांकडे वळू. जानेवारी १९८२ मध्ये त्यांना हैदराबादच्या बेगमपेठ रेल्वे स्टेशनवर पकडलं. तुरुंगातून उपचारासाठी उस्मानिया रुग्णालयात आणलं होतं, तिथून ४ जानेवारी १९८४ रोजी ते पळाले. त्यांच्या नावाभोवती दंतकथा तयार झाली ती तेव्हापासून.

१९८७ च्या डिसेंबरमध्ये त्यांच्या पक्षाने आंध्रात सनदी अधिकाऱ्यांचं अपहरण केलं आणि त्यांच्या बदल्यात आपले कैदी सोडवून घेतले. त्या अधिकाऱ्यांमध्ये एस. आर. शंकरन होते. वेठबिगारांच्या मुक्तीसाठी आणि दलित-आदिवासींसाठी सगळी नोकरी पणाला लावणारा माणूस. गरिबांच्या नावाने काढलेल्या बंदुकीला गरिबांचा माणूसही ओळखू येईनासा झाला होता.

मग ती बंदूक आतही वळली. पक्षातल्या जातीच्या वागणुकीबद्दल बोलणारे जुने साथी सत्यमूर्ती आधीच बाहेर गेले होते. १९९१ च्या सुमारास खुद्द सीतारामय्यांनाच त्यांनी घडवलेल्या पोरांनी काढून टाकलं. सूत्रं गणपती उर्फ मुप्पाला लक्ष्मण राव याच्या हाती गेली. १९९३ मध्ये सीतारामय्यांना पुन्हा अटक झाली. तोवर ते थकले होते, आजारी होते. पुढे त्यांना सोडण्यात आलं.

त्यांना सांभाळलं कुणी? विजयवाड्यात नातीने. ज्या घराला ते चार दशकांपूर्वी सोडून गेले होते, त्याच घरातल्या मुलीने. त्यांचा मुलगाही याच चळवळीत गेला आणि परत आला नाही. मुलगीही अकाली गेली होती. १२ एप्रिल २००२ रोजी सीतारामय्या वारले. अंथरुणावर, आपल्या माणसांत. त्यांच्या शब्दावर जंगलात गेलेल्या कितीतरी पोरांना तेवढंही मिळालं नाही.

कोटेश्वरम्मा त्यानंतर सोळा वर्षं जगल्या. नव्वदी ओलांडल्यावर त्यांनी आत्मचरित्र लिहिलं. २०१८ मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी त्या गेल्या. क्रांतीचा हिशेब घरातल्या बाईच्या बाजूने पाहायचा असेल तर ते पुस्तक वाचावं लागतं.

मग गडचिरोलीत गणित बदललं कसं?

सीतारामय्या गेले, पक्ष थांबला नाही. २००४ मध्ये पीपल्स वॉर आणि बिहार-झारखंडकडचा एमसीसी एकत्र आले आणि भाकप (माओवादी) तयार झाला. २००९ मध्ये केंद्राने त्यावर दहशतवादी संघटना म्हणून बंदी घातली.

त्याला उत्तर मात्र हळूहळू आणि स्थानिक पातळीवर तयार झालं. १९९० मध्ये तेव्हाचे पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी जिल्ह्यातलेच ६० जवान निवडून सी-६० पथक उभं केलं. ही पोरं याच गावांतली. गोंडी, माडिया बोलणारी, पायवाटा ओळखणारी. बाहेरच्या पोलिसाला जंगल सारखंच दिसतं, यांना प्रत्येक नाला वेगळा दिसतो. यात एक वेदनाही होती. दोन्हीकडून गोळी चालवणारा बहुतेकदा आदिवासीच होता, कधीकधी एकाच गावचा.

२००५ पासून आत्मसमर्पण योजना आली. शस्त्र टाकणाऱ्याला पैसे, घर, काम आणि मुख्य म्हणजे जिवंत परतण्याची खात्री. जंगलात लग्न केलेल्या, मूल नको म्हणून नसबंदीला भाग पाडलेल्या अनेक तरुणांना पहिल्यांदा परतीचा रस्ता दिसला. नद्यांवर पूल झाले, मोबाईल टॉवर आले. दादालोरा खिडकी म्हणजे पोलीसदादाची खिडकी. ती सुरू झाल्यावर जातीचा दाखला आणि योजनांचे कागद पोलीस मदत केंद्रातच मिळू लागले. मेंढ्यामागोमाग शेकडो गावांनी सामूहिक वनहक्क मिळवले. अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करू लागल्या.

चकमकीही झाल्याच. एप्रिल २०१८ मध्ये बोरिया-कसनासूर परिसरात ४० माओवादी मारले गेले. १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याच्या स्फोटात १५ जवान आणि त्यांचा चालक गेला. १३ नोव्हेंबर २०२१ रोजी मर्दिनटोल्याच्या चकमकीत मिलिंद तेलतुंबडेसह २६ हून अधिक माओवादी मारले गेले. दलमचं बळ मोडण्यात या कारवायांचा वाटा होता. पण नवी पोरं दलममध्ये जायची थांबली, कारण किल्ली हातातून निसटली होती. बांबूचा हक्क ग्रामसभेकडे असेल, दाखला खिडकीवर मिळत असेल, तर बंदूकवाल्याने गावात सांगायचं काय?

१ जानेवारी २०२५ रोजी भूपतीची पत्नी तारक्का गडचिरोलीत शरण आली. ती याच जिल्ह्यातली. दहा महिन्यांनी भूपतीही आला. तो पेद्दपल्लीचा, म्हणजे करीमनगर भागातला. सीतारामय्यांच्या काळात घर सोडलेल्या पोरांपैकी एक. ज्या जिल्ह्यात १९८० मध्ये पहिलं दलम उतरलं, तिथेच त्या पिढीतल्या एका मोठ्या नेत्याने बंदूक ठेवली.

याचा अर्थ सगळं संपलं का?

तसं म्हणणं घाईचं होईल. १९७२ मध्येही संपलं असंच वाटलं होतं. तेव्हा एका हिंदीच्या मास्तराने बसून अभ्यास केला होता की लोकांचा राग नेमका कुठे साचलेला आहे.

आज गडचिरोलीत लोहखनिजाच्या खाणी आहेत, मोठे कारखाने येत आहेत. जमीन कुणाची, रोजगार कुणाला आणि ग्रामसभेला विचारलं का, हे प्रश्न तिथला माणूस विचारतोच आहे. असा प्रश्न विचारणाऱ्याला लगेच नक्षलवादी म्हणणारी पोस्ट पुढे पाठवली, तर आपण नकळत जुनी किल्ली पुन्हा घडवतो. जंगलातल्या बंदुकीचं कौतुक करणारी रील पुढे पाठवली, तर मरकेगाव विसरतो आणि खबरी म्हणून मारलेला सरपंचही विसरतो.

प्रश्न विचारणारा मेंढा-लेखाच्या रस्त्यावर आहे. त्याचं ऐकून घेतलं गेलं, तर नदीपलीकडून येणाऱ्याला गावात काम उरत नाही.